जुन्या चिमणीत लाकडाचा स्टोव्ह: पाइप वर सरकवला की काम झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनं घर घेतलंय. बैठकीच्या खोलीत उघडी फायरप्लेस आहे आणि तिची विटांची चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीत आहे. चिमणीचं भोक आतून २३० × २३० मिमी, उंची साधारण ८ मीटर. खोली ५ × ४ मीटर, छत २.७ मीटरवर. पसंत केलेला स्टोव्ह ८ किलोवॉटचा आहे आणि त्याच्या धुराचं तोंड १५० मिमीचं आहे. गवंडी म्हणतो, स्टोव्हचा पाइप मीटरभर चिमणीत घाला, भोवती पत्रा मारून बंद करा. इतकी वर्षं धूर तिथूनच गेलाय, आताही जाईल. हे चालेल का?

पेटेल, आणि धूरही जाईल. पण ही अडचण पहिल्या दिवशी दिसत नाही, पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी दिसते. विचारताना तुम्ही स्टोव्हबद्दल विचारलंय, पण खरा प्रश्न चिमणीचा आहे: धूर टोकापर्यंत गरम राहणार आहे का? लायनर (चिमणीच्या आत घालायची स्टीलची नळी) कशाला, वर्मिक्युलाइट (तिच्याभोवती ओतायचे उष्णतारोधक दाणे) कशाला, छोटा स्टोव्ह का, सुकं लाकूड का, या सगळ्यांची उत्तरं याच एका प्रश्नातून निघतात.

गवंड्याचं म्हणणं उघड्या आगीपुरतं बरोबर आहे. उघडी फायरप्लेस खोलीतली प्रचंड हवा आगीबरोबर वर ओढते आणि लाकडातली बहुतेक उष्णता चिमणीतून घालवते. घर तापवायला ती वाईट, पण चिमणीला ती चांगली, कारण रुंद भोक गरम हवेने भरलेलं राहतं. बंद दाराचा स्टोव्ह नेमकं उलटं करतो. ७५ टक्के किंवा जास्त उष्णता तो खोलीत ठेवतो. वर जाणारा धूर कित्येक पट कमी आणि आधीच बराच निवलेला असतो. तो धूर १५० मिमीच्या पाइपातून २३० च्या चौकोनी भोकात सोडला की काय होतं ते मोजून बघा. पाइपचं क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंमी, तुमच्या चिमणीचं ५२९. जागा तिप्पट झाली म्हणजे धुराचा वेग एक तृतीयांशावर आला. तो थंड विटांना घासत रेंगाळत वर जाणार.

आता पाण्याचा हिशेब करू, तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. लाकूड कितीही सुकं असलं तरी जळताना पाणी तयार होतं, कारण लाकडातच हायड्रोजन आहे. २० टक्के ओलाव्याच्या १ किलो लाकडातून मुरलेलं पाणी आणि जळण्यातून झालेलं पाणी मिळून अर्ध्या लिटरहून जास्त वाफ निघते. ५ किलोवॉटचा स्टोव्ह पूर्ण जोरात तासाला दीड किलोच्या आसपास लाकूड खातो. म्हणजे तासाला जवळजवळ १ लिटर पाणी चिमणीतून वाफ होऊन गेलं पाहिजे. चिमणीची आतली भिंत ४०–५० अंशांच्या खाली असेल तर ती वाफ तिथेच घाम सुटल्यासारखी जमते, आणि धुरातले न जळलेले तेलकट अंश तिला चिकटतात. त्याचा काळा, चकचकीत, डांबरासारखा थर होतो. तो विटांच्या सांध्यांमधून झिरपून वरच्या खोलीच्या गिलाव्यावर पिवळे-तपकिरी डाग पाडतो. हे झालं किरकोळ नुकसान. तो थर पेटला तर चिमणीत १००० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं, आणि जुन्या विटकामाला तडे जायला तेवढं पुरे आहे.

थंड चिमणीचा दुसरा तोटा ओढीचा, म्हणजे धूर वर खेचणाऱ्या दाबाच्या फरकाचा. तो पास्कलमध्ये मोजतात. बाहेर १० अंश तापमान आणि ७ मीटरची उभी चिमणी धरा. आतल्या धुराचं सरासरी तापमान १५० अंश असेल तर कागदावर २८ पास्कलच्या आसपास ओढ मिळते. ६० अंश असेल तर जेमतेम १३. यातून घर्षण आणि वळणांची वजावट करायची. बहुतेक स्टोव्हना नीट जळायला सुमारे १२ पास्कल लागतात. म्हणजे थंड चिमणीत दार उघडलं की धूर खोलीत येणार, आणि लोक स्टोव्हला नावं ठेवणार.

तर मीटरभर पाइप आणि पत्रा ही पद्धत कधीच चालत नाही का? काही ठिकाणी चालते. अमेरिकेत एक नियम पाळला जातो आणि मला तो कुठेही वापरण्याजोगा वाटतो: चिमणी घराच्या आत असेल, म्हणजे चारही बाजूंनी उबदार, तर तिचं भोक स्टोव्हच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या तिपटीपेक्षा मोठं नको, चिमणीची एक जरी बाजू बाहेरच्या हवेला लागत असेल तर दुपटीपेक्षा मोठं नको. शिवाय भोक आतून धड, गळतीविना हवं. तुमची चिमणी बाहेरच्या भिंतीत आहे आणि गुणोत्तर तीन आहे. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: पूर्ण उंचीचा लायनर घाला आणि त्याच्याभोवती उष्णतारोधक भरा. चिमणी घराच्या मधोमध असती तर मी इतकं ठाम बोललो नसतो.

लायनरच्या आधी स्टोव्हच्या आकाराचं बोलू, कारण अजून तो घेतलेला नाही. मोठा घ्यावा, कमी जाळता येईल, हा विचार लाकडाच्या बाबतीत उलटा पडतो. गॅसची ज्योत बारीक करता येते. लाकडाची आग बारीक केली की ती धुमसते, आणि धुमसणं म्हणजे डांबर. ढोबळ हिशेब असा: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये काढून १४ ने भागा, तेवढे किलोवॉट. तुमचे ५४ घनमीटर, म्हणजे ३.९ किलोवॉट. भिंती-खिडक्या फार गळक्या असतील तर १० ने भागा, ५.४ येतात. कसंही बघितलं तरी तुम्हाला ५ किलोवॉटचा स्टोव्ह पुरे. ८ चा घेतलात तर खोली अर्ध्या तासात नकोशी गरम होईल, तुम्ही हवा बंद कराल, काच काळी पडेल. काचेला जे दिसतं तेच वर लायनरला लागत असतं. शेजारच्या खोल्यांची दारं उघडी ठेवून सगळं घर एकाच स्टोव्हने तापवायचा बेत असेल तर हिशेब बदलतो, पण दारातून उष्णता वाटते तेवढी पलीकडे जात नाही.

आता क्रम. सगळ्यात आधी चिमणी झाडून घ्या, ब्रश पूर्ण वरच्या टोकातून बाहेर येईपर्यंत. पक्ष्यांची घरटी, पडलेल्या विटा, जुना बसवलेला पत्रा, काहीही निघू शकतं. पूर्वी कोळसा जाळला असेल तर ही सफाई जास्तच मन लावून करा, कारण कोळशाच्या काजळीत गंधक असतं. दमट झाली की ती आम्लधर्मी होते आणि नवा लायनर बाहेरून खाते. मग कॅमेरा सोडा. कॅमेऱ्यात तीन गोष्टी बघायच्या: वळणं कुठे आणि किती आहेत, विटांच्या सांध्यांतून आत डोकावणारे मसाल्याचे (वाळू-सिमेंट किंवा चुन्याचे) गोळे आहेत का, आणि शेजारी दुसरं भोक असेल तर मधली एका विटेची भिंत शाबूत आहे का. ही मधली भिंत पडलेली सापडणं मुळीच दुर्मिळ नाही. खालचा धूर वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत निघतो तो इथूनच.

त्यानंतर धुराची चाचणी. आधी भोक थोडं गरम करून घ्या, धुराची गोळी फायरप्लेसमध्ये पेटवा, धूर वरून नीट निघू लागला की वरचं तोंड बंद करा, खालचंही झाका, आणि निदान पाच मिनिटं सगळ्या खोल्या, पोटमाळा आणि शेजारच्या चिमण्यांची तोंडं बघत फिरा. लायनर घालायचाच आहे तर ही चाचणी कशाला, असं वाटेल. लायनर घातल्यावरही बाहेरची चिमणी हे तुमचं दुसरं कवच आहे. ते कुठे फुटलंय ते लायनर पोटात गेल्यावर कळत नाही. पोटमाळ्यावर गेलात की लगे हात लाकडंही बघा. जुन्या घरांत वासे किंवा तुळईचं टोक थेट चिमणीच्या विटांना टेकलेलं, कधी तर विटकामात शिरलेलं असतं. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड हळूहळू कोळशासारखं होतं आणि नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं. विटकामापासून लाकडापर्यंत ४० ते ५० मिमी मोकळी जागा हवी. तुळई भोकातच शिरलेली असेल तर तिथे थांबा आणि बांधकामाच्या जाणकाराला बोलवा. लायनर हे त्याचं उत्तर नाही.

छपरावरची डागडुजीही आधीच करायची. चिमणीच्या माथ्यावरचा मसाला फुटला असेल, छपराला मिळतो तिथला पत्रा उचकटला असेल, तर पाणी आत येतं; आणि पुढे आपण जे उष्णतारोधक भरणार आहोत ते भिजलं की त्याचा चिखल होतो. चिमणीचं टोक किती उंच हवं यासाठी सोपं माप: छपरातून निघते तिथून किमान ०.९ मीटर वर, आणि आडव्या ३ मीटरच्या आत छपराचा जो भाग किंवा आढं येईल त्याच्या ०.६ मीटर वर. स्टोव्हपासून टोकापर्यंतची उंची ४.५ मीटरपेक्षा कमी असली तर ओढ मिळणं अवघड. तुमच्याकडे ती काळजी नाही. ही सगळी कामं परांचीवरून करायची, शिडीवरून नाही. लायनर उचलायला दोन्ही हात लागतात.

लायनर म्हणजे स्टेनलेस स्टीलची लवचिक, दुपदरी नळी. बाहेरून पन्हळी, आतून गुळगुळीत. एकपदरी नळी गॅससाठी असते, ती लाकडाला घेऊ नका. स्टीलचे दोन दर्जे मिळतात, ३१६ आणि ९०४. फक्त सुकं लाकूड जाळणार असाल तर ३१६ चालतो. कोळसा जाळायची शक्यता असेल किंवा स्टोव्ह दिवसरात्र मंद ठेवला जाणार असेल तर ९०४ घ्या, आम्लाला तो जास्त टिकतो. व्यास स्टोव्हच्या तोंडापेक्षा कधीही कमी नको. ५ किलोवॉटच्या बऱ्याच स्टोव्हचं तोंड १२५ मिमीचं असतं. उत्पादकाने १२५ चा लायनर स्पष्ट लिहून मान्य केला असेल तरच तो घ्या, नाहीतर स्टोव्हच्या तोंडावरच जोडतुकडा लावून १५० करा आणि १५० नेच वर जा. १५० घातला की पुढे स्टोव्ह बदलतानाही हात मोकळे राहतात. लांबी मोजताना वरून वजन बांधलेली टेप सोडा आणि आलेल्या मापात मीटरभर वाढवा. वळणांत तेवढं जातं, आणि कमी पडलेल्या लवचिक लायनरला मध्ये जोड देणं हा अगदी नाइलाजाचा मार्ग.

लायनरवर बाण छापलेला असतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. बाण धुराच्या दिशेने, म्हणजे वर. आतली पट्टी कौलांसारखी एकावर एक चढवलेली असते. बाण वर असला की प्रत्येक पट्टीची कड खाली बघते, ओघळ आतल्या आत खाली सरकतो आणि झाडायचा ब्रश अडकत नाही. उलटा बसला तर प्रत्येक कड ओघळासाठी एक छोटी वाटी होते. नवी गुंडाळी सोडून वर चढवताना घाईत टोकं उलटी होणं सहज घडतं. म्हणून जमिनीवर असतानाच खालच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावा.

उतरवताना खालच्या टोकाला शंकूच्या आकाराचं टोपण बसवतात, त्याला दोर. दोर आधी वरून वजन लावून खाली सोडलेला. वरचा माणूस लायनर भरवतो, खालचा दोर ओढतो. खालच्याने झटके द्यायचे नाहीत; वरच्याने पाव वळसा फिरवून दिलं की वळणावरून तो आपोआप निसटतो. थंडीत लायनर ताठ होतो, रात्री घरात ठेवून सकाळी काढा. एकाच जागी दोन-चारदा वाकवला की पन्हळ उघडते आणि ती जागा कायमची कमजोर होते. चिमणीत दोन वळणं असतील तर बहुधा जातो. ४५ अंशांपेक्षा तीव्र वळण असेल तर भिंत एका जागी उघडावी लागते. ते काम नको म्हणून लायनर ठोकून लंबगोल करणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. कापायला ग्राइंडर आणि बारीक डिस्क, हातात जाड मोजे. कापलेली कड वस्तऱ्यासारखी असते.

लायनरचं सगळं वजन वर टांगायचं. माथ्यावर स्टीलची पाटी, तिच्यावर क्लॅम्प, त्यात लायनर आवळून धरलेला, आणि पाटीभोवती मसाला. खाली स्टोव्हवर भार येता कामा नये. वर टोपी हवीच: पावसासाठी, आणि जाळी पक्ष्यांसाठी. जाळी फार बारीक घेऊ नका. बारीक जाळी एका मोसमात काजळीने बुजते, आणि मग खाली धूर येण्याचं कारण शोधत लोक स्टोव्ह उघडतात.

उष्णतारोधकाचे दोन पर्याय: लायनरला २५ मिमीचं वेष्टण गुंडाळून मग उतरवायचं, किंवा लायनर उतरवून भोवती वर्मिक्युलाइट ओतायचं. तुमचा लायनर बाहेरून १६० च्या आसपास, वेष्टण धरून २१०, भोक २३०. कागदावर बसतं, प्रत्यक्षात पहिल्याच मसाल्याच्या गोळ्यावर वेष्टण फाटेल. तुमच्यासाठी वर्मिक्युलाइट बरं. किती लागेल? ५२९ मधून लायनरचे २०१ वजा, उरले ३२८ चौरस सेंमी. गुणिले ८ मीटर, म्हणजे २६० लिटरच्या थोडं वर. १०० लिटरच्या तीन गोण्या आणा. ओतताना मधूनमधून लायनर हलक्या हाताने हलवत राहा, म्हणजे पोकळी राहत नाही. एक गोष्ट आधीच सांगतो: वीस वर्षांनी कोणी हा लायनर काढायला गेला तर सगळं वर्मिक्युलाइट खोलीत येणार. खालच्या पत्र्यावर तशी सूचना लिहून ठेवा, पुढचा माणूस दुवा देईल.

हा खालचा पत्रा म्हणजे चिमणीचं बूड बंद करणारी पाटी. तुमच्या गवंड्याने सांगितलेला पत्रा तोच, फक्त काम वेगळं. किमान दीड मिमी जाडीचं स्टील, चारही बाजूंना भिंतीत अँगल ठोकून त्यावर बसवलेलं, कडा उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनने किंवा फायर सिमेंटने भरलेल्या. वर्मिक्युलाइटचा भार याच्यावर येतो, म्हणून नुसत्या चार स्क्रूंवर टांगू नका. लायनर आणि स्टोव्हचा पाइप यांचा जोडतुकडा इथे येतो. तो वर्मिक्युलाइट ओतायच्या आधी स्क्रूंनी पक्का करा आणि भोवतीची फट फायर रोपने (उष्णता सोसणाऱ्या दोराने) भरा, नाहीतर रात्रभर वाळूच्या घड्याळासारखे दाणे गळत राहतील. फायरप्लेसच्या घशात जुनी झडप असेल तर ती मुळातून काढा. जुने दोर, पांढरे-करडे तक्ते निघाले तर ते तोडण्याआधी ॲस्बेस्टॉस नाही ना याची तपासणी करून घ्या.

पाटीपासून स्टोव्हपर्यंतच्या जाड पाइपांचा जोड ही सर्वांत जास्त वेळा चुकणारी जागा. पाइपाला एक बाजू अरुंद, एक रुंद. वरच्या पाइपाचं अरुंद टोक खालच्याच्या रुंद तोंडात गेलं पाहिजे. डोळ्याला हे उलटं वाटतं. धूर वर जातो, मग तो फटीतून बाहेर नाही का येणार? नाही येणार, कारण आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो; फट असलीच तर खोलीतली हवा आत जाते. खाली येतो तो ओघळ, आणि तो आतच राहायला हवा. उलटे जोडलेले पाइप पहिल्याच महिन्यात बाहेरून काळ्या रेघा दाखवतात. प्रत्येक जोडाला फायर सिमेंट आणि तीन स्क्रू. फायर सिमेंट एक दिवस तसंच वाळू द्या, लगेच आग लावलीत तर फुगून तडकतं. स्टोव्हचं तोंड मागच्या बाजूला असेल तर आडवा पाइप १५० मिमीपेक्षा लांब नको.

इथपर्यंतचा क्रम एकदा: झाडणं, कॅमेरा, धुराची चाचणी, छपराची डागडुजी, लायनर, खालची पाटी आणि जोडतुकडा, वर्मिक्युलाइट, वरची पाटी, टोपी. स्टोव्ह सगळ्यात शेवटी खोलीत आणायचा. आधी आणला की तो सिमेंट आणि काजळीत न्हातो.

फायरप्लेसचं तोंड मोठं करावं लागलं तर मागची वाकडी विटांची भिंत काढता येते, तिच्यामागे बहुधा नुसता राडारोडा असतो. वरच्या लिंटेलला हात लावू नका. स्टोव्हच्या दोन्ही बाजूंना आणि मागे १५० मिमी मोकळं ठेवलं तर उष्णता खोलीत येते. कोंबून बसवलेला स्टोव्ह विटा तापवत बसतो. आतल्या बाजूला नेहमीचा जिप्समचा गिलावा टिकत नाही, तडकून पडतो. वाळू, चुना आणि सिमेंटचा किंवा खास उष्णतेसाठीचा गिलावा करा. एकेरी पाइपापासून लाकूड व्यासाच्या तिप्पट लांब, म्हणजे १५० ला ४५० मिमी. वर शोभेची लाकडी फळी असेल तर ती याच मापात मोजायची. स्टोव्हपासूनची अंतरं मात्र त्या त्या स्टोव्हच्या पत्रकात दिलेली असतात, तीच अंतिम.

खालच्या चौथऱ्याचं दोन बाबींवर ठरतं. स्टोव्हखाली तापमान १०० अंशांच्या वर जात नाही असं उत्पादकाने लिहून दिलं असेल तर १२ मिमीची न जळणारी लादी पुरते. नसेल तर किमान १२५ मिमी जाड भरीव काम. दारासमोर चौथरा निदान ३०० मिमी पुढे यायला हवा, काही देशांत ४५० मागतात. निखारा बाहेर पडतो तो नेहमी दार उघडं असताना, आणि पुढेच पडतो.

हवेचं काय? जळायला जी हवा लागते ती कुठून तरी आत आलीच पाहिजे. ब्रिटनमधला हिशेब सोपा आहे: जुन्या, फटी असलेल्या घरात ५ किलोवॉटपर्यंत वेगळा झरोका लागत नाही, त्यावरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिमी. घट्ट बंद होणाऱ्या नव्या खिडक्या बसवल्या असतील तर पहिल्या किलोवॉटपासून ५५०, म्हणजे तुमच्या ५ ला २७५०. याला झडप किंवा बारीक जाळी नको, कारण थंडी लागली की माणूस ती बंद करतो. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा हा चिमणीचा सगळ्यात मोठा शत्रू. तो जोरात असेल तर चिमणीतून उलटी हवा खेचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत हवाच. छतावर लावलात तर भिंतीपासून ३०० मिमी आत. स्टोव्हपासून आडवं अंतर १ ते ३ मीटर. या वायूला वास नसतो, त्यामुळे आपलं नाक इथे उपयोगाचं नाही.

बऱ्याच ठिकाणी हे काम नोंदणीकृत कारागिराकडून करून घ्यावं लागतं किंवा झाल्यावर तपासून घ्यावं लागतं, आणि घराचा विमा त्यावर अवलंबून असतो. लायनर उतरवणं स्वतः केलंत तरी शेवटची चाचणी दुसऱ्या डोळ्यांनी होऊ द्या.

ती चाचणी अशी: पंधरा मिनिटं आग चालवा, सगळ्या दारं-खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातला पंखा पूर्ण जोरात लावा, स्टोव्हचं दार दोन बोटं उघडा आणि नुकतीच विझवलेली काडी फटीच्या वरच्या कडेपाशी धरा. धूर आत खेचला गेला तर ठीक. बाहेर तरंगला तर एक खिडकी किंचित उघडून पुन्हा बघा. आता आत गेला तर हवा कमी पडतेय, चिमणी निर्दोष आहे. तरीही बाहेर आला तर टोपी, जाळी किंवा लायनरमध्ये अडकलेलं काहीतरी.

सुरुवातीच्या तीन आगी छोट्या, तासाभराच्या, खिडक्या उघड्या ठेवून. स्टोव्हचा रंग पक्का होताना वास येतो. त्यानंतर आग छोटी ठेवू नका. पाइपावर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावा, स्टोव्हच्या माथ्यापासून ३००–४५० मिमी वर. काटा साधारण ११५ ते २४५ अंशांत राहिला पाहिजे. खाली गेला की डांबर, वर गेला की स्टोव्ह आणि लायनर दोघांना त्रास. लाकूड २० टक्क्यांच्या आतलंच. ओलावा मोजायचा तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा. बाहेरची साल केव्हाच सुकलेली असते आणि मीटरला फसवते. ताजं तोडलेलं लाकूड फोडून, आडोशाला, वारा लागेल असं रचून १ ते २ वर्षं ठेवावं लागतं.

लायनर वर्षातून निदान एकदा झाडायचा, रोज पेटणार असेल तर दोनदा, आणि मऊ प्लास्टिकच्या ब्रशनेच. तारेचा ब्रश आतली पट्टी उचकटतो. स्टोव्हमधली वरची आडपट्टी काढली की ब्रश बहुधा सरळ वर जातो, विकत घेतानाच दुकानात ती काढून बघा. पहिल्या सफाईला जे पडेल ते फेकण्याआधी कागदावर पसरून बघा. करड्या-तपकिरी, कोरड्या भुकटीचे एक-दोन पेले निघाले तर सगळं जागेवर आहे. काळ्या पापुद्र्यांचे चुरचुरीत तुकडे निघाले तर लाकूड किंवा हवा बंद करायची सवय तपासा. आणि काचेसारखा चकचकीत थर असेल, ब्रशने निघत नसेल, तर चिमणी झाडणाऱ्याने बघितल्याशिवाय स्टोव्ह पुन्हा पेटवू नका.